शेजारच्या शिट्ट्या

३ फेब्रुवारी, मंगळवार

छताला डाळ चिकटली आहे. घरात शिडी नाही, म्हणून ती सध्या तिथेच राहणार. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत पट्टीत. उजवा शाबूत आहे, त्यामुळे लिहिता येतंय.

एकतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात बॉयलर सांभाळला. दर तासाला नोंद – पाणी, आच, प्रेशर आणि शेवटच्या रकान्यात शेरा. एकतीस वर्षांत एक अपघात नाही. आणि निवृत्त होऊन तीन वर्षं होतात न होतात तोच घरचा पाच लिटरचा कुकर उडवला! जुन्या सोबत्यांना कळलं तर हसून हसून लोळतील. त्यांना सांगणार नाही. इथे सांगतो.

ही आतल्या खोलीत होती. तिला काही लागलं नाही. खरं तर हे सगळ्यांत आधी लिहायला हवं होतं.

४ फेब्रुवारी, बुधवार

हात ठणकतोय. पण अपघात झाला की आधी नोंद, मग रडारड – हा आमच्या बॉयलरघरचा नियम. तेव्हा नोंद.

तीन महिन्यांपूर्वी हिला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, तोंडातून शब्द निघत नाही. तेव्हापासून स्वयंपाक माझ्याकडे. हिला गिळायला त्रास होतो, म्हणून डाळ-भात, भाजी, जे काही असेल ते गाळ शिजलेलं लागतं. उघड्या पातेल्यात तेवढं शिजायला तास-दीड तास लागतो, आणि तेवढा वेळ हिला सोडून शेगडीपाशी उभं राहता येत नाही. म्हणून कुकर.

काल साडेअकराला डाळ लावली. पुन्हा पुन्हा लावायला नको म्हणून कुकर काठोकाठ भरला. आळस, दुसरं काही नाही! शिट्टी ठेवली आणि हिला कुशीवर वळवायला आत आलो. आतून शिट्ट्या मोजल्या. तीन झाल्या. जाऊन गॅस बंद केला. पाच मिनिटांनी शिट्टी जरा उचलून पाहिली. फुस्स नाही की फास नाही. वाफ येत नाही म्हणजे आत प्रेशर उरलं नाही, असं मी धरून चाललो. झाकण फिरेना. अडकलं असेल म्हणून जोर लावला.

पुढचं छतावर आहे.

आज सकाळी शेजारच्या वहिनी मऊ भात घेऊन आल्या. भल्या बाई, पण बोलायला लागल्या की थांबत नाहीत. बोलता बोलता म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या नुकत्याच तीन शिट्ट्या झाल्या होत्या हो. मी कुकर उतरवते न उतरवते, तोच तुमच्याकडे धडाम!"

मी उठून स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेलो. त्यांच्या आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या समोरासमोर आहेत. मध्ये पाइपांची अरुंद जागा, हात लांब केला तर मिठाची बरणी देता येईल एवढी. आणि माझे कान तर बॉयलरच्या घरघरीत निम्मे झिजलेले.

मी शेजारच्या शिट्ट्या मोजल्या! आमच्या कुकरने एकही दिली नव्हती.

५ फेब्रुवारी, गुरुवार

झाकण उजेडात धरून पाहिलं. शिट्टी ज्या नळीवर बसते ती नळी डाळीच्या सालाने गच्च बुजलेली. म्हणजे वाफ आत कोंडलेली, आणि मी ती शोधत होतो बुजलेल्या नळीतून.

नव्या माणसांना मी पहिल्याच दिवशी सांगायचो – काटा शून्यावर दिसला म्हणून प्रेशर शून्य समजू नका, आधी काट्याची नळी मोकळी आहे का बघा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

लाज वाटते. भाजल्यापेक्षा ती जास्त चुरचुरते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

लेक आली. चार तासांचा बसचा प्रवास करून. वहिनींनी फोन केला होता, मी नाही.

ती विम्याच्या कचेरीत आहे. जळकी घरं आणि फुटक्या टाक्या बघण्यात तिचा दिवस जातो. दारातून आली ती सरळ स्वयंपाकघरात. छत पाहिलं, कुकर पाहिला, माझा हात पाहिला. रागावली नाही, ते जास्त वाईट.

"बाबा, आईवर सांडलं असतं तर?"

मी उजव्या हाताने ओटा पुसायला लागलो.

मग तिने बॅगेतून एक कागद काढला. तिच्या घराजवळ एक केंद्र आहे. झटका आलेल्या माणसांना ठेवून घेतात, सांभाळतात, रोज बोलायला शिकवतात. इथे बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा येतात, मंगळवारी. केंद्रात फक्त रुग्ण राहू शकतो. "तुम्ही रविवारी भेटायला येत जा ना बाबा." लेकीचं घर दोन खोल्यांचं, माणसं पाच. तिचाही नाइलाज आहे, मला कळतं.

चाळीस वर्षांत मी हिच्यावाचून राहिलो तो एकदाच, याच लेकीच्या जन्माच्या वेळी. तेव्हाही दर तिसऱ्या दिवशी जाऊन उभा राहायचो.

मी म्हणालो, "बॉयलरची वर्षातून एकदा तपासणी होते. इन्स्पेक्टर येतो, सगळं उघडून बघतो, मगच पुढचं वर्ष चालवायची परवानगी. तू एक मार्चला ये. तुझ्यासमोर कुकर लावतो. चुकलो तर ने आईला, मी शब्द काढणार नाही."

तिने आईकडे पाहिलं. आई माझ्याकडे बघत होती.

"एक मार्च," लेक म्हणाली. "पण बाबा, प्रश्न नुसत्या कुकरचा नाहीये."

मी ते शेवटचं वाक्य तेवढं कानाआड केलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

कुकर पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे गेलो. बोळाएवढं दुकान, वर दोरीला रिंगा टांगलेल्या. माझ्या निम्म्या वयाचा माणूस. त्याने रिंग ताणून दाखवली, कडेला चिरा होत्या. सेफ्टी वॉल्व्ह काढून टेबलावर ठेवला. "हा कधी बदललाय काका?"

मला माहीत नव्हतं. तो हीच बदलून आणत असणार.

बॉयलरलाही असाच असतो, वितळणारा. पाणी संपलं, उष्णता हाताबाहेर गेली की तो आधी वितळतो आणि वाफेला वाट देतो. स्वतः मरतो, माणसं वाचवतो. एवढं मला ठाऊक होतं. आमच्या कुकरचा आठ-दहा वर्षांचा आहे, हे त्याने सांगितलं तेव्हा कळलं.

"याच कुकरचा, याच मापाचा नवा बसवायचा," तो म्हणाला. "लोक काय वाट्टेल ते करतात. एकाने भोकात खिळा ठोकून आणला होता. गळायचं थांबलं म्हणून खूश!" मग विचारलं, "डाळ किती भरली होती?"

"काठोकाठ."

नव्या माणसाने चुकीचा वॉल्व्ह उघडला की मी ज्या नजरेने बघायचो, अगदी त्या नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. "डाळ, कडधान्यं अर्ध्यापर्यंतच. फेस येतो, सालं वर चढतात, नळीत जाऊन बसतात. भात, बटाटे असतील तरी वरचा तिसरा हिस्सा रिकामा पाहिजे. वाफेला जागा नको?"

वाफेला जागा! एकतीस वर्षं मी दुसरं काय बघत होतो?

सोनाराने कान टोचले ते बरं झालं. घरच्या कुणी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या. हसतमुख, मोठ्या आवाजाच्या. हिच्यासमोर बसून एक ते दहा म्हणत होत्या. त्या म्हणाल्या, कित्येकांचं बोलणं परत येतं तेव्हा साधं वाक्य येत नाही, आधी पाठ झालेलं येतं – आकडे, वार, गाणं. कधी कधी शिवीसुद्धा.

मी म्हणालो, शिव्या मी शिकवू शकतो. बॉयलरघरात चांगला साठा होता.

बाई हसल्या. हिच्या ओठाचा डावा कोपराही हलला. पण आकडा नाही आला. पाचव्या वेळेला हिने मान भिंतीकडे फिरवली. मला ते बघवलं नाही. भांडी घासायला उठून गेलो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आठवडाभर बाहेरून डबा येतोय. भाजी चिवट, डाळ करकरीत. हिला आज ठसका लागला तो पाच मिनिटं थांबेना. डोळ्यांतून पाणी. पाठीवर हात फिरवत मी एवढंच म्हणत होतो – उद्या. उद्या मी लावतो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

नुसतं पाणी. नवा बॉयलर आला की आधी पाण्यावर चाचणी घेतात, तशी. दोन पेले पाणी, बाकी काही नाही. नळीतून फुंकून पाहिलं, पलीकडे उजेड दिसतो का पाहिलं. रिंग धुतली, खाचेत सगळीकडे नीट बसली का बोट फिरवून पाहिलं. झाकण लावलं. शिट्टी हातात घेऊन थांबलो. नळीतून वाफेची सरळ धार आली, मग शिट्टी ठेवली. ही युक्ती दुरुस्तीवाल्याचीच. धार दिसली म्हणजे नळी मोकळी.

सगळं बरोबर केलं, तरी शेगडीपासून हातभर लांबच उभा राहिलो. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. मी पाणी फुंकत होतो.

शिट्टी झाली तेव्हा मी दोन पावलं मागे सरकलो. कुणी पाहिलं नाही. गॅस बंद केला आणि वाफ आपली आपण जिरेपर्यंत हात मागे बांधून उभा राहिलो. अठरा मिनिटं. शिट्टी उचलली, फुस्स नाही. पण या वेळी नळी मोकळी आहे हे मला माहीत होतं. झाकण लोण्यासारखं फिरलं.

पाणी – दोन पेले. आच – मध्यम. शेरा – माणूस भित्रा, कुकर ठीक.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा पाणी. दोन शिट्ट्या. मागे एकच पाऊल सरकलो.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बटाटे. आणि आज एक विलक्षण गोष्ट झाली.

आता नियम असा की कुकर शेगडीवर असेपर्यंत स्वयंपाकघर सोडायचं नाही. पण मग ही एकटी पडते. म्हणून हिची चाकांची खुर्ची आणून मधल्या दारात लावली आणि स्टूल घेऊन मी शेगडीपाशी. दोघं समोरासमोर.

एक शिट्टी ऐकू आली. मी बोट मोडलं – एक. हिच्याकडे पाहिलं तर ही मान हलवत होती. नाही. शेगडीकडे पाहिलं, शिट्टी जागची हललेलीसुद्धा नव्हती. शेजारची!

मग आमची झाली. डोळ्यांनी पाहिली, थरथरत उचलली गेली, वाफ उडाली. आणि हिने मांडीवरच्या डाव्या मुठीतून एक बोट उघडलं.

शेजारची पुन्हा झाली. बोट नाही. आमची दुसरी. दुसरं बोट.

तीन झाल्यावर तिने सगळी बोटं मिटली आणि गॅसच्या बटणाकडे हनुवटीने दाखवलं. काय मंद माणूस आहे, असा चेहरा. तीन महिन्यांत तो चेहरा पाहिला नव्हता. मला इतकं बरं वाटलं की बटणाऐवजी मी तिच्याकडेच बघत राहिलो, आणि तिने पुन्हा हनुवटी उडवली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आता आठवतंय. ही पूर्वी म्हणायची, "आपला कुकर नाकात बोलतो. शेजारणीचा गळा काढून रडतो." मी पेपरमधून मान वर न करता "हं" म्हणायचो. चाळीस वर्षं ती दुसऱ्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत, लेकीचा अभ्यास घेत, माझ्याशी भांडत शिट्ट्या मोजत होती, आणि एकदाही चुकली नाही. मला ते काम वाटलंच नाही कधी.

आज तिला हे बोलून दाखवलं. तिने डोळे मिटून घेतले. झोपली नव्हती.

बाई येऊन गेल्या. एक ते दहा. आवाज नाही. पण बोटांचं सांगितल्यावर त्या खुर्चीत पुढे सरकल्या. म्हणाल्या, "आत मोजणं चालू आहे म्हणजे. वाट तेवढी मोकळी व्हायची आहे."

वाटेची भाषा मला कळते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

लेकीचा फोन. उचलला नाही, पहिली शिट्टी व्हायची होती. पुन्हा वाजला. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा वाजून थांबला, आणि दोन मिनिटांत वहिनी धापा टाकत दारात! लेकीने त्यांना लावला होता.

"अहो भाऊजी, फोन का घेत नाही?"

"कुकर लावलाय."

त्यांना वाटलं मला वेड लागलं. मग मी लेकीला फोन केला, बोलणी खाल्ली. पण मनातून खट्टू झालो नाही. फोन थांबतो, वाफ थांबत नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

चूक. लिहायलाच हवी.

भूक लागली होती, वाफ जिरायला वेळ लागत होता. कुकर नळाखाली धरावा असं मनात आलं. उचललाही. पट्टीतला हात दुखला आणि भानावर आलो. गरम, जड, आत उकळतं पाणी, एक हात अधू – आणि मी ते घेऊन दोन पावलं चाललो होतो! परत ठेवला. ही बघत होती. मान हलवली नाही, बघत होती फक्त.

घाईला घरात जागा नाही. हे मोठ्या अक्षरांत लिहून शेगडीच्या वर चिकटवलं आहे.

२३ फेब्रुवारी, सोमवार

डाळ! अपघातानंतर पहिल्यांदा. आत खिळ्याने खूण केली आहे अर्ध्यावर, तिच्या बोटभर खालीच थांबलो. फेस दबावा म्हणून चमचाभर तेल. पहिली शिट्टी झाली की आच बारीक. हिची तीन बोटं. बंद. वीस मिनिटं हात मागे बांधून.

मेणासारखी शिजली होती. हिने पूर्ण वाटी खाल्ली आणि वाटी पुढे केली. आणखी हवी होती. एकदाही ठसका नाही.

मी बॉयलर सुरू झाल्यावर जसा दरवाज्यात उभा राहायचो तसा उभा राहिलो, कमरेवर हात ठेवून.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पट्टी निघाली. कातडी गुलाबी, नव्या माणसाची वाटते.

बाई आल्या. एक ते दहा. ओठ हलले, आवाज नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

उद्या इन्स्पेक्टर. छतावरची डाळ वहिनींच्या शिडीवर चढून खरवडून काढली. डाग राहिला आहे. राहू दे, तो पुसून टाकणं म्हणजे नोंदवहीचं पान फाडण्यासारखं झालं.

१ मार्च, रविवार

तपासणी झाली. सगळं लिहितो.

लेक अकराला आली. पर्स ठेवली, बाह्या वर केल्या, म्हणाली, "हं बाबा, मी काही बोलणार नाही. फक्त बघणार." दहा मिनिटंसुद्धा गप्प बसली नाही. नळी फुंकली तर का फुंकली, शिट्टी लगेच का नाही ठेवली, पाणी किती, डाळ एवढीच का. मी एकेक सांगत गेलो. ती मान डोलवत होती. तिच्या कचेरीत ती असेच प्रश्न विचारत असणार, आणि समोरचे घाबरत असणार. मी घाबरलो नाही. थोडाच.

ही दारात, खुर्चीत. मी स्टुलावर. लेक ओट्याला टेकून.

वाफेची धार आली. शिट्टी ठेवली. थोड्या वेळाने एक शिट्टी झाली. मग दुसरी. लेक घड्याळ बघत होती. तिसरी झाली आणि ती पुढे झाली. "बाबा! तीन झाल्या. बंद करा ना!"

मी जागचा हललो नाही.

"बाबा, ऐकू येत नाहीये का तुम्हाला? हेच! हेच झालं ना त्या दिवशी?" तिने बटणाला हात घातला.

"आईकडे बघ," मी म्हणालो.

तिने पाहिलं. हिच्या डाव्या हाताचं एकच बोट उघडं होतं.

"तीन ऐकल्यास त्यांतल्या दोन वहिनींच्या. आपली एकच. आपला कुकर नाकात बोलतो."

लेकीने बटणावरचा हात काढला. त्यानंतर ती शेगडीकडे बघतच नव्हती, आईच्या हाताकडे बघत होती. दुसरं बोट. मध्ये वहिनींकडून एक आली, बोट नाही. तिसरं बोट. हनुवटी उडाली आणि मी गॅस बंद केला. लेक आईच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि तिच्या मुठीवर डोकं टेकवून रडली. लहानपणी पडली की अशीच रडायची, आवाज न करता.

जेवलो तिघं. जेवताना चेष्टा झाली. मी विचारलं, "मग, प्रमाणपत्र?"

"कुकरचं मिळालं," ती म्हणाली. "पैकीच्या पैकी."

निघताना मात्र जिन्यात थांबली. "बाबा, तुम्ही कुकर जिंकलात. पण आई अजून बोलत नाही. डॉक्टर म्हणाले, पहिले सहा महिने महत्त्वाचे. चार होत आले. तिथे रोज शिकवतात, इथे आठवड्यातून एकदा. जागा रिकामी झालीय एक. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. मी ओढून नाही नेणार आईला. तुम्हीच ठरवा."

ओढून नेली असती तर भांडलो असतो. हे अवघड आहे.

३ मार्च, मंगळवार

बाई आल्या. एक ते दहा. ओठ हलले.

जाताना मी जिन्यात विचारलं, रोज शिकवलं तर फरक पडेल का? त्या माणूस म्हणून चांगल्या आहेत, खोटं बोलत नाहीत. म्हणाल्या, "पडू शकतो."

४ मार्च, बुधवार

वहिनी सहकुटुंब बहिणीकडे गेल्या, सोमवारी येणार. जाताना कुलपाची किल्ली माझ्याकडे आणि "आता तुम्हाला माझ्या शिट्ट्यांचा त्रास नाही" असं हसून. खरोखरच घर सुनं वाटतंय.

दिवसभर विचार केला. महिनाभर मी कशासाठी झटलो? हिला नीट खायला मिळावं म्हणून, हे खरं. पण निम्मं माझ्यासाठी होतं – ही इथे राहावी, मी एकटा पडू नये. बुजलेल्या नळीतून बघून मी म्हणत होतो, सगळं ठीक आहे. लेक पहिल्याच दिवशी म्हणाली होती, प्रश्न नुसत्या कुकरचा नाहीये. मी कानाआड केलं.

हिला बोलता आलं पाहिजे. माझ्याशी नाही तर नाही, कुणाशी तरी.

शुक्रवारी लेकीला फोन करून हो म्हणणार. केंद्रात डाळ कशी शिजवायची ते लिहून देईन. रविवारच्या बसची वेळ विचारून ठेवली.

हिला अजून सांगितलं नाही.

५ मार्च, गुरुवार

डाळ, खुणेच्या खाली. नळी मोकळी, रिंग ठीक. हिला दारात आणून बसवलं, पण तिच्याकडे बघवेना, म्हणून आज स्टूल फिरवून शेगडीकडे तोंड करून बसलो. पहिली शिट्टी उडाली. कुठून तरी बाईचा आवाज – "एक." घोगरा, सर्दी झाल्यासारखा. वहिनी खिडकीतून थट्टा करतायत असं सवयीने वाटलं. आच बारीक केली. दुसरी. "दोन." तिसरीला जरा वेळ लागला. "तीन." गॅस बंद केला, खिडकीशी गेलो आणि म्हणालो, "वहिनी, आभार, पण मोजायला आमच्याकडे माणूस आहे."

समोरची खिडकी बंद होती. शेजारी कालपासून कुलूप आहे.

वळून पाहिलं. हिने आज एकही बोट उघडलं नव्हतं.

शेरा – शिट्ट्या तीन. मोजल्या हिने.